पावशाची मादी आणि ढकलगाडी

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत आवडीकाकी जिंकते. शेवटपर्यंत ताणून धरणं मला जमत नाही आणि तिच्या बाबतीत तर अजिबात धीर धरवत नाही. ती जिंकली कशी आणि तिला हरवत कोण होतं, एवढंच सांगायचं आहे. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. ते ओघात येईल.

मी हर्षला. गाव लोधिवली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, घरच्यांनी बँकेच्या परीक्षा दे म्हणून जीव खाल्ला आणि मी पाखरांच्या मागे लागले. दोन वर्षं झाली, किरण सरांच्या संशोधनात काम करते. सर पुण्याचे, मे महिन्यात कर्जतला खोली घेऊन राहतात. आमचा विषय एका वाक्यात मावतो: पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडं कधी आणि कसं घालतो. पावशा स्वतः घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. अंडं सातभाईंच्या घरट्यात आणि पिल्लू सातभाईंच्या गळ्यात. दोघांचीही अंडी निळी, त्यामुळे त्या कलकलाट करणाऱ्या भावंडांना पत्ताही लागत नाही. उन्हाळाभर झाडावर बसून जो ओरडतो आणि आपलं डोकं उठवतो, तो नर. मादी गप्प असते. काम एकाने करायचं आणि बोंब दुसऱ्याने मारायची, हे पाखरांतही असतं हे कळल्यावर मला काही नवल वाटलं नाही.

पण ही गप्प मादी अंडं घालताना काही केल्या दिसेना. दोन उन्हाळे गेले, एकोणीस घरटी झाली. घरट्यांसमोर कॅमेरे बांधले, काठीला आरसा लावून रोज अंडी मोजली. नंतर पिल्लू निघालं की कळायचं, अरे, इथे पावशी येऊन गेली होती. कधी आली, कशी आली, देव जाणे.

एकोणीसपैकी अकरा घरटी आवडीकाकीने शोधून दिली होती. आवडीकाकी ठाकुरवाडीची, ठाकर समाजातली. वय पन्नासच्या पुढे. रानातून हिरडा, करवंदं, शेवळं आणायची, कुणाच्या शेतावर मजुरीला जायची. सरांनी तिला घरट्यांवर लक्ष ठेवायच्या कामावर घेतलं, तेव्हा आम्ही तिच्यासाठी मुंबईहून मागवलेला हिरव्या कापडाचा तंबू नेला होता. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि शेळीच्या करडांवर पांघरला. स्वतःसाठी तिने कुड्याच्या आणि ऐनाच्या फांद्या उभ्या रोवून पानांचा आडोसा केला. रोज सुकलेली पानं काढायची, ताजी लावायची. त्यात ती बसली की दहा पावलांवरूनही दिसायची नाही. पाण्याची बाटली, पदराला बांधलेली करवंदं आणि घरट्यावर नजर. एवढाच तिचा सरंजाम.

आम्ही तिला घड्याळही दिलं होतं. दोन दिवसांनी ते तिच्या सुनेच्या, ललिताच्या, मनगटावर दिसलं. मी रागावले. मला राग पटकन येतो.

"काकी, वेळ कशी लिहायची मग?"

"तुज्या घड्याळाकडं बघायला मान खाली घालावी लागते गं," ती म्हणाली. "मान खाली गेली का पाखरू गेलं. माझी गाडी बरी. ती कानानं कळते."

ठाकुरवाडीच्या खालून घाटाची रेल्वे जाते. तिथल्या माणसांना गाड्यांचा आवाज आपल्याला घरातल्या भांड्यांचा कळतो तसा कळतो. काकीने प्रत्येक गाडीला आपलं नाव ठेवलं होतं. पहाटेची ती दुधाळ, मग निळी, मग लांबडी. आणि दुपारी पुण्याकडे चढणारी, जिला मागून इंजिनं लावून घाट चढवतात, ती ढकलगाडी. ती चढताना सगळी दरी कण्हते.

मला ही पद्धत फार आवडली. मी वेळापत्रक आणलं आणि एका पुठ्ठ्यावर तक्ता केला. निळी म्हणजे इतके वाजून इतकी मिनिटं, ढकलगाडी म्हणजे दुपारचे तीन चाळीस. काकी म्हणायची, "लांबडी गेल्यावर सातभाई पाण्यावर गेले." मी तक्त्यात बघायची आणि वहीत आकडा टाकायची. दोन महिन्यांत तिच्या त्रेसष्ट नोंदी झाल्या. आपल्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. सरांना मी तक्त्याबद्दल सांगितलं नव्हतं, कारण त्यांना नुसते आकडे लागतात आणि मला शाबासकी लागते.

मग तो सोमवार उजाडला. मी सकाळी वाडीवर पोचले तर काकी वाटेतच उभी होती.

"काल आली," ती म्हणाली. "पावशी. आंब्यावरच्या घरट्यात. सातभाईची आई पाण्याला उठली आणि ही पल्याडच्या फांदीवरनं सरळ आत. एक उचललं, एक ठेवलं, गेली. मी पाण्याचा घोट घेतलेला तोंडात. तो गिळायच्या आत सगळं झालं."

माझ्या अंगावर काटा आला. "कधी काकी? केव्हा?"

"ढकलगाडी घाटात कण्हत होती तवा."

मी तिथेच दगडावर बसून लिहिलं: रविवार, १५.४०, मादी पावशा, घरट्यात प्रवेश. छापील तक्त्यात एवढेच रकाने होते. 'एक उचललं' यासाठी रकाना नव्हता, म्हणून ते मी लिहिलं नाही. मग आरसा लावून अंडी मोजली. चार. शनिवारीही चारच होती. मला थोडं खटकलं, पण आनंदाच्या भरात मी पुढे गेले. कॅमेऱ्याचं कार्ड काढलं, दुसरं घातलं आणि कर्जतला सरांना नेऊन दिलं.

बुधवारी सकाळी सरांनी मला बोलावलं. सर कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी आवाज चढवला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. त्यांनी संगणकावर रविवारचं चित्रण लावलं, तीन दहा ते चार दहा. पूर्ण तास सातभाईंची मादी घरट्यात बसलेली. शेपूट बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. तीन चाळीसला तर तिने जांभई दिल्यासारखी चोच उघडली. पावशीचा मागमूस नाही.

"अंडी आधी चार, नंतर चार," सर म्हणाले. "कुणी अंडं घातलं असतं तर पाच झाली असती. आवडीताई झोपल्या असतील, स्वप्न पडलं असेल. किंवा आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. होतं असं."

"बाकीचा दिवस बघू ना सर."

"तेरा तासांचं चित्रण आहे हर्षला. नोंद तीन चाळीसची आहे आणि तीन चाळीसला ती खोटी आहे." मग त्यांनी चष्मा काढला. "आपला नियम तुला माहीत आहे. एकाची एक नोंद बनावट निघाली, की त्याच्या सगळ्या नोंदी बाद. त्रेसष्टच्या त्रेसष्ट काढाव्या लागतील. मी आज संध्याकाळी सातच्या गाडीने पुण्याला जातो, जाताना यादी पक्की करून पाठवतो. ताईंना तू सांग. उद्यापासून यायला नको."

मी हो म्हणाले. सही करायची तशी मान हलवली आणि बाहेर पडले.

पळसदरी स्टेशनला उतरून वर वाडीपर्यंत चढताना मला खूप राग आला होता. आधी सरांचा, मग उन्हाचा, मग काकीचा. कशाला सांगायचं नसलेलं? मी तिच्या घरी पोचले तेव्हा ती अंगणात करवंदं निवडत होती. मी बसलेही नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मी खोटं बोलले असं म्हनले ते?"

"हो."

"आणि तू काय म्हनलीस?"

मी काही म्हटलं नव्हतं. दोन महिने या बाईच्या भाकऱ्या खाल्ल्या, तिच्या कानावर विसंबून वही भरली, आणि सरांसमोर माझ्या तोंडून तिच्या बाजूने एक वाक्य निघालं नव्हतं. हे मला तिच्या अंगणात उभं राहून कळलं.

काकी उठली. "चल," म्हणाली.

ती मला आंब्यापाशी घेऊन गेली आणि आडोशात तिच्या जागी बसवलं. ती स्वतः मागे उकिडवी बसली. समोर घरटं, त्याच्या मागे मोकळं आभाळ आणि खाली घाट. आत हिरवा थंडावा होता.

"आता बघ," ती कानाशी म्हणाली. "मी अशी बसलेली. ऊन डोळ्यात जात होतं, म्हनून हात असा धरला. हाताखालनं बघितलं. पावशी त्या फांदीवर. आधी मला वाटलं शिक्रा हाय, पाखरं मारनारा. पर शिक्र्याची चोच वाकडी आसते. हिची नाय."

मी तिच्यासारखा हात कपाळाशी धरला. तेवढ्यात खालून कण्हणं सुरू झालं. आधी बारीक, मग दरी भरून. ढकलगाडी चढत होती. मी सवयीने मनगटावर पाहिलं. तीन एकेचाळीस.

मग मी माझ्या कपाळावरच्या हाताकडे पाहिलं. त्याची काहीच गरज नव्हती. सूर्य अजून बराच वर होता, वरच्या पानांनी पुरता झाकलेला. डोळ्यात उन्हाचा एक कवडसासुद्धा नव्हता.

"काकी," मी म्हटलं, "आत्ता ऊन कुठंय?"

तिने वर पाहिलं. मग समोर, खाली, मावळतीकडच्या डोंगराच्या वर चार बोटं धरून दाखवलं. "त्या दिवशी हितं होतं."

"पण गाडी हीच होती?"

"हीच. मी काय बहिरी हाय का?"

गाडी तीच, ऊन मात्र दीड-दोन तास पुढचं. आणि मग मला माझ्या हुशारीचा सगळा पुठ्ठा डोळ्यांसमोर दिसला. तो रविवार होता. आमच्या कामाला रविवार नसतो, काकीच्या रानालाही नसतो. रेल्वेला मात्र असतो.

मी उठून धावतच सुटले. काकी माझ्या मागे आणि थोड्या वेळाने माझ्या पुढे. खाली रुळाशी योगेंद्र पाना घेऊन काम करत होता. तो रेल्वेत ट्रॅकमन, वाडीवर सगळे त्याला ओळखतात.

"योगेंद्रदादा, रविवारी ढकलगाडी कधी गेली?"

"रविवारी?" त्याने घाम पुसला. "रविवारी ब्लॉक नव्हता का? रूळ बदलले आमी हितं. सगळ्या गाड्या खाली कर्जतला उभ्या. ढकलगाडी हितनं साडेपाचला गेली. मीच झेंडी धरून उभा होतो. का गं, काय झालं?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. काकी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि हसत होती. पहिल्यांदाच त्या दिवशी.

"चल, सरांकडं," ती म्हणाली.

"काकी, तू बस, मी जाते. सात वाजायच्या आत पोचलं पाहिजे."

"माझ्यावर आळ हाय. मीच येनार." आणि ती अनवाणी उतारावरून निघालीसुद्धा. मी बूट घालून तिच्या मागे ठेचकाळत होते. पळसदरीला गाडी मिळाली आणि सव्वासहाला आम्ही कर्जतला सरांच्या दारात उभ्या होतो. सरांची बॅग भरलेली होती. संगणक अजून टेबलावर होता, देवाची कृपा.

सरांनी काकीला पाहिलं आणि ते अवघडले. "आवडीताई, या. तुम्ही कशाला एवढ्या लांब..."

"सर, आधी माझं ऐका," मी म्हटलं. श्वास लागला होता, पण थांबले असते तर धीर गेला असता. "वेळ काकींनी सांगितलीच नव्हती. त्यांनी गाडी सांगितली. वेळ मी लिहिली, वेळापत्रकातून. रविवारी ब्लॉक होता हे माझ्या डोक्यात आलं नाही. गाडी साडेपाचला गेली. आणि त्या म्हणाल्या होत्या की तिने एक अंडं उचललं आणि एक ठेवलं. ते मी लिहिलंच नाही, कारण रकाना नव्हता. खोटी नोंद माझी आहे. त्यांची नाही."

सर खुर्चीवर बसले, बॅगेतून कार्डांची डबी काढली, रविवारचं कार्ड शोधलं आणि लावलं. पडद्यावर घरटं आलं. त्यांनी चित्रण पाच पंचवीसवर नेलं.

मादी बसलेली. पाच सव्वीस. पाच सत्तावीस. मी नखं खात होते. काकी शांत उभी होती, आपल्या शेताकडे बघावं तशी पडद्याकडे बघत. पाच अठ्ठावीसला मादीने अंग झाडलं, पंख ताणले आणि ती उडून गेली. घरट्यात चार निळी अंडी.

पाच एकतीसला डावीकडून राखाडी सावली आली आणि काठावर बसली. पट्ट्यापट्ट्याची शेपूट, पिवळ्या कडांचे डोळे. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वाकली, चोचीत एक अंडं धरलं आणि ते तसंच धरून घरट्यात बसली. अंग एकदा थरथरलं. उठली, गेली. घरट्यात चार निळी अंडी.

सरांचा हात तसाच टेबलावर राहिला. मी रडत होते हे मला गालांवरून कळलं.

"परत लावा," काकी म्हणाली.

सरांनी परत लावलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी काकीने टेबलावरची बाटली उचलली, पावशी काठावर बसली तेव्हा पाण्याचा घोट तोंडात घेतला आणि गाल फुगवून उभी राहिली. पावशी वाकली, बसली, थरथरली, उडाली. तेव्हा काकीने घोट गिळला. आवाज आम्हाला ऐकू आला.

"नऊ सेकंद," सर म्हणाले. "दोन वर्षं. दोन वर्षं मी हे शोधतोय."

"आता पटलं?" काकीने विचारलं.

सर खुर्चीवरून उठले. मी त्यांना कधी कुणासमोर असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. "आवडीताई, माझं चुकलं. मी तुम्हाला न विचारता ठरवून टाकलं."

"हं," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. तिचे डोळे चमकत होते. आनंद लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती आणि मला ते बघून आणखी रडू आलं.

सर पुण्याला गेले नाहीत. त्यांनी यादी उघडली. निरीक्षकाच्या रकान्यात इतके दिवस माझी आद्याक्षरं होती, कारण लिहायची मी. त्यांनी ती पुसली आणि विचारलं, "ताई, पूर्ण नाव?"

"आवडी धाऊ दरवडा."

त्यांनी ते लिहिलं, एकदा नाही, त्रेसष्ट ओळींत. मी शेजारी बसून तिच्या सगळ्या नोंदींतल्या रविवारच्या वेगळ्या काढल्या. त्यांच्या वेळा आता योगेंद्रला विचारून घ्यायच्या होत्या. 'आणखी काय पाहिलं' असा एक नवा रकाना मी स्वतःच्या हाताने आखला आणि त्यात पहिलं वाक्य लिहिलं: एक उचललं, एक ठेवलं.

काकीला सोडायला स्टेशनवर निघालो तेव्हा सर म्हणाले, "ताई, तुम्हाला काही हवं असेल तर सांगा. दुर्बीण देतो. चांगलं घड्याळ देतो, काट्यांकडे बघावं लागत नाही असं, वेळ बोलून सांगतं."

"नको," आवडीकाकी म्हणाली. "मला सगळं कळतं. हिलाच जरा शिकवा." आणि माझ्याकडे बोट केलं. "गाडी गेली म्हनलं का हिनं आधी विचारायचं, वेळेवर गेली का उशिरा. आणि कुनी मला खोटारडी म्हनलं का हिनं तोंड उघडायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवर गेले. काकी आडोशाची सुकलेली पानं काढून ताजी लावत होती. "निळी गेल्यावर सातभाई उठले," ती मान न वळवता म्हणाली.

मी वही उघडली. "वेळेवर गेली का उशिरा, काकी?"

"वेळेवर," ती म्हणाली. "आता लिही."